दूध केंद्रावरचा दुसरा आकडा: भरपाईचे एक प्रकरण

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावातले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा पूर्णांकात धरल्या आहेत. पाळक, पंच (म्हणजे चर्चच्या मंडळीचे कारभारी) आणि गृहसभा चालवणारे यांना डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. रविवारी ऐकलेले वचन सोमवारी पहाटे पाच वाजता, दुधाच्या मापावर, कसे उतरते हा त्यातला प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

या जिल्ह्यात १८३१पासून मिशनचे काम आहे. त्यामुळे अनेक गावांत ख्रिस्ती वस्ती तीन-चार पिढ्यांची आहे. या प्रकरणातले गृहस्थ अशाच घरातले. त्यांना आपण केंद्रचालक म्हणू. वय पंचेचाळीसच्या पुढे, मंडळीत नियमित, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला) वेळेवर, हंगामाच्या सणाला पुढाकार. पुढच्या निवडणुकीत पंच म्हणून त्यांचे नाव जवळपास ठरलेले होते.

गावात ते ९ वर्षे दूध संकलन केंद्र चालवत होते. खातेदार ६२, त्यांपैकी ख्रिस्ती घरे ९. जनावरे आटतात, वितात, त्यामुळे एका वेळी साधारण ४५ घरांचे दूध येई. सकाळ-संध्याकाळ मिळून ९० मापे आणि सुमारे ५४० लिटर गाईचे दूध. दर दहा दिवसांनी खातेदारांना दुधाचे पैसे, म्हणजे पगार. केंद्रचालकाला लिटरमागे ठरलेले कमिशन, आणि माप घेणाऱ्या मुलाचा पगार त्यातूनच.

काटा इलेक्ट्रॉनिक होता. वैधमापन खात्याचा त्या वर्षीचा शिक्का त्यावर होता आणि प्रमाणपत्र भिंतीला लावलेले होते. कोणी तपासायला आले असते तर काट्यात काहीच सापडले नसते.

अडचण कुठे होती

मे महिन्याच्या सुट्टीत अकरावीतली मुलगी वहीतल्या नोंदी संगणकावर चढवायला बसली. तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली: "पप्पा, काट्यावर ६.४७ दिसतंय, तुम्ही ६.४ लिहिता. सात कुठं जातात?" दुसरी जास्त अडचणीची होती. खाते क्रमांक १ त्यांचे स्वतःचे. गोठ्यातली एक गाय दोन महिन्यांपासून आटलेली, दुसरी नुकतीच गाभण राहिलेली आणि दूध कमी झालेली. वहीत मात्र खाते क्रमांक १चे दूध एक दिवसही उतरलेले नव्हते. कागदावर त्यांच्या गाई कधी आटतच नव्हत्या.

जादा दूध दोन वाटांनी जमत होते.

एक, दशांशानंतरचा दुसरा आकडा सोडून देणे. तो आकडा ० ते ९ यांपैकी कोणताही असू शकतो, म्हणजे सरासरी ४.५, म्हणजेच दर मापाला ४५ मिली. ९० मापांचे रोज ४ लिटरच्या थोडे वर.

दोन, सॅम्पल. फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन घटक) तपासण्यासाठी पळीभर दूध, साधारण ५० मिली, शेतकऱ्याच्या किटलीतून आधी काढले जाई आणि उरलेले नंतर काट्यावर जाई. तपासणीला त्यातले अगदी थोडेच लागते. बाकीचे टेबलाखालच्या कॅनमध्ये पडे. रोज साडेचार लिटर. हेच सॅम्पल माप झाल्यावर बादलीतून घेतले असते तर शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळाले असते. दोन कामांचा क्रम उलटा होता, बाकी काही नाही.

दोन्ही मिळून दर मापाला ९५ मिली आणि दिवसाला ८.५५ लिटर. त्यातले दोन-अडीच लिटर खऱ्या घटीत जात: कॅनला चिकटलेले, सांडलेले, शीतकरण केंद्रावरच्या मापातला फरक. उरलेल्या सहा लिटरपैकी दोन घरात दही-तुपाला लागत आणि चार खाते क्रमांक १वर चढत.

केंद्रचालकाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. "सगळीकडं असंच चालतं. वर आमचंही कापतात." दोन्ही वाक्ये खोटी नव्हती. म्हणूनच ९ वर्षे ती पुरली.

इथे एक हिशोब मांडणे गरजेचे आहे, कारण प्रकरण त्याच्यावरच फिरले. ९५ मिली हा आकडा प्रत्येक मापाला सारखाच. किती दूध आणले यावर तो अवलंबून नाही. वेळेला २० लिटर घालणाऱ्याचे अर्धा टक्काही जात नव्हते. एका गाईवाल्या घरातून दोन लिटर आणणाऱ्या बाईचे मात्र पावणेपाच टक्के जात होते. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडून जास्त. बायबलातल्या आमोसाच्या आठव्या अध्यायात माप लहान करून दुबळ्यांना नागवणाऱ्यांना संदेष्टा फटकारतो. केंद्रचालकांनी तो अध्याय गृहसभेत दोनदा वाचून दाखवला होता. तो आपल्या टेबलाला लागू आहे हे त्यांना टक्केवारी काढल्यावर दिसले. खोट्या तराजूबद्दल सहसा आपण धान्याच्या व्यापाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून बोलतो, ही एक सोयच असते.

समोरचे पर्याय

केंद्रचालक पाळकांकडे गेले ते चार दिवसांनी, आणि एक तयार प्रस्ताव घेऊन: येत्या रविवारी उपासनेत साक्ष देतो, सगळ्यांपुढे कबूल करतो. पाळकांनी तिथेच थांबवले. त्यांचे म्हणणे असे की ज्यांचे दूध गेले ती ५३ घरे रविवारी त्या बाकांवर बसलेली नसतात. ज्यांचे देणे नाही त्यांच्यापुढे रडून मोकळे व्हायचे आणि ज्यांचे आहे त्यांनी ते गावभर फिरून आल्यावर ऐकायचे, हा क्रम उलटा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात दान वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच ठरला. अशा वेळी साक्षीची घाई हमखास होते. तिने मन हलके होते आणि हिशोब लांबतो.

मग उरले चार पर्याय.

गुपचूप थांबणे. उद्यापासून दोन्ही आकडे लिहायचे, सॅम्पल नंतर घ्यायचे, मागचे काढायचे नाही. स्वस्त आणि शांत. पण इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात चोरी थांबवण्यावर वाक्य संपत नाही. पुढे कष्ट करणे आणि गरजवंताला देणे येते.

मंडळीला देणगी देणे. अंदाजे रक्कम चर्चच्या छपराच्या निधीला. हा पर्याय एका पंचाने सुचवला आणि त्याचा हेतू वाईट नव्हता. पण गणना ५मध्ये क्रम स्पष्ट आहे: ज्याचे नुकसान त्याला भरपाई, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, तोही नसेल तरच परमेश्वराला, याजकाच्या हाती.

दिवाळीचा फरक म्हणून वाटणे. हा सर्वांत मोहक. दूधवाले दिवाळीला फरक किंवा बोनस देतातच. त्याच पाकिटात रक्कम घातली की पैसे पोचतात, बदनामी टळते आणि वर लोक आभारही मानतात. खातेदारांसाठीच्या चिठ्ठीच्या पहिल्या मसुद्यावर केंद्रचालकांनी खरोखरच "दिवाळी फरक" लिहिले होते. पाळकांनी इतकेच विचारले की लोकांनी धन्यवाद म्हटल्यावर तुम्ही काय उत्तर देणार?

उघड सांगून, हिशोब करून, घरोघरी परत करणे. शेवटी हा निवडला.

किती आणि कुठपर्यंत

इथे शास्त्र आणि वही दोन्ही उघडावी लागली. केंद्रचालकांच्या मनात जक्कय या जकातदाराने परत देऊ केलेली चौपट होती. त्या भावनेच्या भरात घर गहाण पडले असते. पाळकांनी नियमशास्त्रातला फरक दाखवला. निर्गम २२मध्ये पकडलेल्या चोराला दुप्पट, मेंढराला चौपट, बैलाला पाचपट भरावे लागते. लेवीय ६ आणि गणना ५मध्ये आपण होऊन कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. जक्कयने चौपट स्वतः होऊन बोलून दाखवली, येशूने ती मागितली नव्हती. (मुलीने विचारले म्हणून कबूल करणारा हा आपण होऊन की पकडलेला, यावर पंचांत थोडी चर्चा झाली. मुलीला विचारून सोडवण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून सोडून दिला.) पाचवा हिस्सा ठरला.

वह्या ३ वर्षांच्याच शिल्लक होत्या. त्यात प्रत्येक खात्याची किती मापे झाली ते होते, पण गाळलेला आकडा कुठेच नव्हता. म्हणून सरासरी धरली: दर मापाला ९५ मिली, गुणिले मापांची संख्या, गुणिले त्या-त्या पगाराचा दर. दर वर-खाली झाला असला तरी अंदाजासाठी ३० रुपये धरला. ३ वर्षांचे मूळ २ लाख ८१ हजार, पाचव्या हिश्शासह ३ लाख ३७ हजार. तीनही वर्षे दोन्ही वेळ दूध घालणाऱ्या घराला सुमारे ७,५०० रुपये.

खरी घट यातून वजा करायची का? केंद्रचालकांना वाटे करावी. निर्णय झाला की नाही. घट हा केंद्र चालवण्याचा खर्च आहे आणि कमिशन त्यासाठीच मिळते.

काय केले

पहिल्याच दिवशी मापाचा क्रम बदलला: आधी माप, मग सॅम्पल, उरलेले सॅम्पल सर्वांच्या कॅनमध्ये. काटा संगणकाला जोडला, म्हणजे आकडा हाताने लिहायची वेळच येत नाही, आणि चिठ्ठीवर दोन्ही दशांश छापले जातात. काट्याचा लिटर मोड, म्हणजे वजनाचे लिटर करून दाखवणे, तपासला. दुधाची घनता १.०३ धरली जाते, म्हणून ५ किलोचे प्रमाणित वजन ठेवल्यावर पडद्यावर ४.८५ दिसले पाहिजे. ते वजन आता टेबलावरच असते. कोणीही ठेवून बघावे.

पैशाची बाजू अवघड होती. एक गाय ६२ हजारांना विकली. घरातली शिल्लक १८ हजार. उरलेल्यात मंडळी आली. गेल्या तीन वर्षांच्या दशमांशातला काही भाग याच सहा लिटरांचा होता, सुमारे १९,७०० रुपये. तो परत करावा का, यावर पंचमंडळाच्या दोन बैठका गेल्या. एकदा प्रभूला दिलेले परत कसे घ्यायचे, हा आक्षेप मनापासूनचा होता. त्यावर एका वयस्क पंचबाईंनी विचारले की ते दूध शेवंताबाईचे असेल तर प्रभूला दिले कोणी? (एक खातेदार; नाव बदलले आहे.) रक्कम परत झाली, रीतसर ठरावाने. या निर्णयाने मंडळी नुसती उपदेश करणारी राहिली नाही. तिलाही काही सोडावे लागले.

असे १ लाख जमले. ते सर्वांना थोडे थोडे वाटायचे की काहींचे पूर्ण फेडायचे? टक्केवारीच्या हिशोबानेच उत्तर दिले. ज्यांचे दूध सर्वांत कमी त्या १३ घरांचे पूर्ण फेडले. उरलेल्या २ लाख ३७ हजारांसाठी महिना ७,९०० रुपयांप्रमाणे ३० महिन्यांचा हप्ता ठरला. प्रत्येक पगाराच्या चिठ्ठीवर वेगळी ओळ: "मागील मापातील कमी, परत".

सांगणे घरोघरी झाले, एकेका घराला पाच-दहा मिनिटे. बोलायचे काय हे आधी लिहून घेतले होते आणि त्यात तीनच गोष्टी होत्या: काय होत होते, किती होते, कसे परत करणार. सगळीकडे असेच चालते, हे वाक्य मुद्दाम वगळले होते. देवाने माझे मन बदलले, हेही पाळकांनी काढायला लावले. समोरच्याला आधी हिशोब तपासायचा असतो. त्या क्षणी धर्माचे बोलणे ढालीसारखे वाटते.

पंच म्हणून उभे राहणे त्यांनी स्वतः मागे घेतले. रविवारचे दान मोजण्याच्या कामातूनही ते बाजूला झाले.

काय बिघडले

माप घेणाऱ्या मुलाला वेळेवर विश्वासात घेतले नव्हते. घरोघरी जाणे सुरू होण्याआधीच त्याने चौकात सांगितले आणि निम्म्या गावाला बातमी वेगळ्याच आकाराची मिळाली. पाच खातेदार दुसऱ्या केंद्राला गेले. त्यांतले दोन परत आले. दुसऱ्या केंद्राचा मालक संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "तुम्हाला स्वर्गात जायचंय तर जा, आम्हाला कशाला उघडं पाडता?"

एका आजोबांनी नऊ वर्षांचे मागितले आणि चारचौघांत चोर म्हटले. केंद्रचालक चिडले, आवाज चढला, खुर्ची मागे सरकली. नम्रपणे कबूल करणारा माणूस आपली कबुली पूर्ण स्वीकारली गेली नाही की किती पटकन उसळतो, हे इथे स्पष्ट दिसले. दोन दिवसांनी ते पुन्हा गेले आणि तोडगा निघाला: ज्याच्याकडे जुनी दूध कार्डे आहेत त्याचा तितका हिशोब मान्य. ११ घरांनी कार्डे आणली, २६ हजार वाढले.

सर्वांत मोठी चूक घरात होती. सॅम्पलच्या दुधातून पत्नी दही-तूप विकत असे आणि त्या पैशातून मुलीच्या क्लासची फी जाई. ते दूध कसले हे त्यांना नेमके माहीत नव्हते. गाय विकायचा निर्णय पाळकांच्या घरी झाला आणि त्यांना तो संध्याकाळी कळला. पुढचे दोन-तीन महिने घरातली उपासना नावापुरती होती. गाय त्यांची होती. पहाटे उठून धार काढणाऱ्या त्याच.

निष्पत्ती

हे लिहिताना २२ हप्ते झाले आहेत. जुन्या कार्डांसह ८९ हजार बाकी आहेत. हप्ता एकदा चुकला, पुढच्या महिन्यात भरला. चार खात्यांचे मूळ मालक वारले होते. तिघांचे वारस सापडले. एकाचे कोणीच नव्हते आणि ते घर ख्रिस्ती नव्हते. ती रक्कम मंडळीने स्वतः न घेता गावच्या शाळा व्यवस्थापन समितीला पावती घेऊन दिली.

वाढ मोजायची कशाने? एका पंचासोबत दर पगाराला अर्धा तास बसायचे ठरले होते. बैठकीत एकच आकडा बघतात: घेतलेले दूध वजा शीतकरण केंद्राला पोचलेले. पूर्वी घट जाऊनही सहा लिटर जादा उरत, आता दोन-अडीच लिटर तूट असते आणि ती कमिशनमधून जाते. तूट दिसणे हेच ठीक चालल्याचे लक्षण. एकदा उन्हाळ्यात, दूध कमी आणि तूट चार लिटरवर गेलेली असताना, काट्याची केबल खराब झाली आणि नोंदी दोन दिवस हाताने झाल्या. त्या दोन दिवसांत तूट शून्यावर आली. पंचांनी वहीवर बोट ठेवले. केंद्रचालकांनी आधी माप घेणाऱ्या मुलाचे नाव घेतले, मग स्वतःचे. दोन दिवसांच्या १८० मापांचा फरक पुढच्या पगारात गेला. इतक्या सगळ्यानंतरही बोटे जुन्या सवयीने एका दशांशावर थांबली होती. सवय पश्चात्तापाइतक्या लवकर बदलत नाही. म्हणूनच केबल, दोन दशांशांची चिठ्ठी आणि दहा दिवसांची बैठक यांना आत्मिक साधनांत धरायला हरकत नाही. आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन शेवटी मोजले आहे आणि विकत आणलेल्या केबलने ते येत नाही, हे खरे. पण हाताने लिहायला लावून ते येईल, असेही नाही.

वेगळे काय करता आले असते

पत्नी पहिल्या बैठकीत हवी होती. पाळकांनी "घरी बोललात का?" एवढे विचारून पुढचे बोलणे थांबवायला हवे होते. गायीऐवजी मोटारसायकल विकण्याचा पर्याय पत्नीनेच नंतर सांगितला. तो मेजावर आलाच नव्हता.

माप घेणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी सांगायला हवे होते आणि त्याचा दोष नाही हेही त्याच वेळी. त्याला तसेच शिकवलेले होते.

घरोघरी जाणे दहा दिवस चालले. तीन-चार दिवसांत आटोपले असते तर अफवेला वाव कमी मिळाला असता. त्यासाठी सगळ्या खात्यांचा हिशोब आधी छापून तयार हवा होता. इथे रोज रात्री पुढच्या पाच-सहा घरांचा काढत होते.

हप्ता कमिशनच्या मानाने जास्त ठरला. महिना ५ हजार धरून मुदत वाढवली असती तर चुकलेला महिना टळला असता. मोठा हप्ता घेण्यात थोडा अभिमान होता, हे बैठकीत त्यांनी स्वतःच म्हटले.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. फॅट-एसएनएफ दाखवणारा अ‍ॅनालायझर काट्यासारखा टेबलावरच्या वजनाने तपासता येत नाही, आणि दर त्याच्याच आकड्यावर ठरतो. निदान महिन्यातून एकदा तेच सॅम्पल दुसरीकडे तपासून ताडून बघावे असे पंचांचे म्हणणे आहे. त्याचा खर्च कोणी सोसायचा हे पुढच्या पगाराच्या बैठकीत ठरायचे आहे.